नागव्वा दिली कुर्डुवाडीला

सूप हातातून निसटलं. जोंधळा पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत सांडत गेला, हेळवाचा बैल तो हुंगायला पुढं सरकला, आणि सुंदरम्मा दारातच खाली बसल्या.

तोवर सगळं दर खेपेसारखं चाललं होतं. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या घरी ईरप्पा हेळव दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा. घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवायची आणि दारी येऊन म्हणायची, हा त्याचा पिढीजात धंदा. बैलावर बसून, मांड्यांवर घोंगडं ओढून, मूळ पुरुषापासून तो नावं म्हणत खाली यायचा. गेलेल्या माणसाचं नाव आलं की हातातल्या पितळी घंटेचा एक टोल. जिवंत माणसाला टोल नाही. एकदा चाल लागली की तो डोळे मिटून घ्यायचा.

"संगव्वा," टण. "संगव्वेच्या पोटी थोरला मडिवाळप्पा, धाकटा शिवपुत्र," टण. "शिवपुत्राची सुंदरम्मा. तिच्या पोटी नागव्वा..."

इथं तो दर खेपेला थांबायचा. नागव्वा चार वर्षांची असताना संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवली. त्याला एकतीस वर्षं झाली. ती आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तिच्या नावापुढं काही नाही, मागं टोल नाही. नुसती एक गप्प जागा. सुंदरम्मा सुपात जोंधळे घेऊन दाराशी यायच्या त्या खरं तर या जागेसाठी. टोल पडला नाही की सुटकेचा श्वास टाकून त्या सूप हेळवाच्या झोळीत रिकामं करायच्या.

यंदा तो थांबला नाही.

"नागव्वा दिली कुर्डुवाडीला..."

सूप पडलं ते इथंच. घंटा, जोंधळा, बैलाची धडपड, नात चन्नीचं रडणं, सगळं एकदम झालं. त्या कालव्यातही डोळे मिटलेल्या ईरप्पाची चाल पुढं चाललीच होती.

"...तिच्या पोटी सुंदरा. धाकटा सिद्धलिंगप्पा, त्याची गिरिजा..."

"पुरे!" मडिवाळप्पा जागचे उठले. घरातले ते थोरले, सुंदरम्मांचे दीर. सत्तरी ओलांडली होती, पण कपाळावरची विभूती आणि आवाज, दोन्ही अजून ठसठशीत होते. "चुकलास तू, ईरप्पा."

ईरप्पानं डोळे उघडले. दारात बसलेल्या बाईकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"चुकलं, मालक. चुकलं."

"दोड्डप्पा, तुम्ही बसा, मी बघतो," सिद्धलिंगप्पा पुढं झाला. पण थोरल्यांनी त्याला हातानं थांबवलं, आतून स्वतः पायली भरून आणली, हेळवाच्या झोळीत ओतली आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली. बैल चालू लागला.

कडेवरच्या चन्नीला थोपटत गिरिजा हे सगळं पाहत होती. दर खेपेला हेळवाला जेवू घालून, पान देऊन वाटेला लावतात. यंदा त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी.

*

सुंदरम्मांनी अंथरूण धरलं.

ताप नव्हता. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले अशक्तपणा आहे. पण त्या खाईनात, बोलेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. गिरिजा भाताची पेज घेऊन जायची आणि निवलेली परत आणायची. असंच चाललं तर किती दिवस काढतील, हे तिला सांगायला डॉक्टर नको होता.

"अव्वा, आई का उठत न्हाय?" चन्नी विचारायची.

गिरिजा वैरागची. माहेरी मराठीच. लग्न होऊन या घरात आली तेव्हा कळलं, इथं आईला अव्वा म्हणतात, सासूला अत्ती, आणि आई म्हणजे आजी. ही अक्कलकोटाकडची कानडी बोली. चन्नी पहिल्यांदा "आई" म्हणाली ती सासूकडं हात पसरून. त्या दिवशी गिरिजानं चुलीपुढं बसून डोळे पुसले होते. नंतर सवय झाली.

"उठेल हं. आईला बरं वाटलं की उठेल."

मामंजींचं, म्हणजे मडिवाळप्पांचं, म्हणणं एकच. हेळव म्हातारा झालाय, दुसऱ्या घरची नावं आपल्यात घुसडली. हेळव यायच्या दोनच दिवस आधी ते करमाळ्याच्या बाजाराहून आले होते. भुसार दुकानासाठी दरवर्षी संक्रांत झाली की जायचे. जाताना सुंदरम्मा आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा फाडून त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून द्यायच्या. यंदाही दिली होती. आता दौऱ्याचा शीण म्हणून तेही दुकानाकडं फिरकत नव्हते.

दुपारी जेवायला आलेल्या नवऱ्याला वाढता वाढता गिरिजानं विचारलं, "चुकलेलं नाव चालीत बसतं का हो?"

"म्हणजे?"

"ईरप्पा म्हणत होता तेव्हा ठेका कुठं मोडला? कुठंच नाही. घोटून बसलेली ओळ होती ती. चुकलेलं माणूस अडखळतं की."

सिद्धलिंगप्पानं आमटीत भाकरी कुस्करली. बहीण हरवली तेव्हा तो अंगावर पीत होता. तिचा चेहरा त्याला ठाऊक नव्हता. आईच्या डोळ्यांतून तेवढी ती त्याला माहीत.

"आणि नाव काय? सुंदरा. अत्तींचं नाव. आपल्यात जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवतात?"

"छे! चन्नीचं नाव गेलेल्या पणजीचं."

"मग सुंदरा हे नाव ठेवणारीला वाटतंय की अत्ती गेल्या."

घास हातातच राहिला. "म्हणजे नागक्का जगली? तिला मुलगी झाली?"

"तसं असलं तर आणखी एक आहे." गिरिजानं लेकीला जवळ ओढलं. "चन्नी, तुझ्या अव्वाचं नाव काय गं?"

"अव्वा."

"अगं, नाव. हाक मारायचं नाव."

चन्नीनं तिच्याकडं असं पाहिलं की हिला काही कळत कसं नाही. "अव्वाच!"

"बघितलंत? तेवढ्या पोरीला आईचं नाव ठाऊक नसतं. नागक्कांना ते नंतर कुणीतरी सांगितलंय. अत्तींचं नाव ज्याला माहीत आहे अशा कुणीतरी. आणि त्या जिवंत आहेत, एवढंच सांगितलं नाही."

ताटातली आमटी थंड झाली. सिद्धलिंगप्पानं हात धुतला.

"गिरिजा, हे उकरू नको. घरात नको ते वर येईल."

"अत्ती भिंतीकडं तोंड करून पडल्यात. त्याहून नको ते काय यायचंय?"

*

हेळवांची पालं होटगी रस्त्याच्या कडेला होती. ईरप्पा बाजेवर बसून घंटा चिंचेनं घासत होता. गिरिजा दिसताच त्यानं घंटा घोंगडीखाली सारली.

"चुकलं म्हणून सांगितलं की, बाई."

"तुम्ही चुकला नाही. बैलावर बसून वंशावळ म्हणताना हेळव खोटं बोलत नाही म्हणतात, मग खाली उतरल्यावर बोलाल, असं कसं?"

म्हाताऱ्यानं हातातली चिंच बाजूला ठेवली.

"हे नाव वंशावळीत कुणी घातलं?"

"शब्द दिलाय."

"बरं. नाव घालायचा हक्क कुणाला असतो?"

"घरच्याला. रक्ताच्या माणसाला. वाटंवरचा कुणी येऊन सांगील ते मी घेत न्हाय."

"बायकांनी सांगितलं तर?"

"लेकीनं सांगितलं तरी चालतंय. रक्त पाहिजे."

गिरिजानं मनातल्या मनात माणसं मोजली. सुंदरम्मा सोडल्या तर फार कुणी उरत नव्हतं. मामंजी. अक्कलकोटला दिलेल्या त्यांच्या दोन लेकी. आणि तिचा स्वतःचा नवरा, जो काल म्हणाला होता, उकरू नको.

"घरी म्हणायला सांगितलं होतं त्यांनी?"

"न्हाय!" ईरप्पा एकदम बोलून गेला. "तळ्याकाठी, देवळाच्या मागं, एकदाच म्हण असं सांगितलं होतं. त्या माउलीच्या कानावर पडू देऊ नको म्हणून पाया पडलं ते माणूस. म्हटलं तळ्याकाठी. मग बाळीवेशीत आलो. पण चाल लागली की जीभ माझी राहत न्हाय, बाई. एक कडी ओवली की ती ओवलीच. पुढच्या खेपेला गाळता येत न्हाय."

"तळ्याकाठी एकदाच का?"

ईरप्पानं घोंगडीखालच्या घंटेवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.

"ते मला विचारू नको. त्या ओळीत गाव हाय. गावाला जा."

*

बार्शीच्या मावशीला बघून येते, असं मामंजींना सांगून गिरिजा चन्नीला घेऊन पॅसेंजरनं निघाली. खोटं नव्हतं. कुर्डुवाडीला गाडी बदलूनच बार्शीला जायचं असतं. फक्त ती पुढच्या गाडीत बसली नाही.

स्टेशनापासून विचारत विचारत रेल्वे कारखान्याच्या मागच्या चाळीत पोचल्यावर तिनं नळावरच्या बायकांना विचारलं. सुंदरा नावाची मुलगी, आईचं नाव नागू किंवा नागव्वा.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, "कुंडलिकाची सुंदरी व्हय? शेवटचं दार. पर बाई, नागू न्हाय आता. सरावणात गेली. काविळीनं."

चन्नी कडेवर जड झाली. गिरिजा तशीच उभी राहिली. नळ वाहत होता, घागर भरून सांडत होती.

शेवटच्या दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. आत बारा-तेरा वर्षांची मुलगी चुलीपुढं पाठमोरी. म्हातारीनं आपलं नाव गोजरबाई सांगितलं. सोलापूरच्या अनाथाश्रमात जन्मभर पोरं सांभाळली. नागू तिच्याच हाताखाली वाढली, तिचं लग्नही हिनंच लावलं, आणि आता नागूची लेक उघडी पडली म्हणून ती करमाळ्याकडचं आपलं गाव सोडून इथं येऊन राहिली होती. कुंडलिकही कारखान्यातून भाकरीच्या सुट्टीला आला. मोठा, ओशाळवाणा माणूस. पाहुणी बघून दारातच थबकला.

"नागक्का आश्रमात कशा आल्या, मावशी?"

"गड्ड्यात सापडली. पोलिसानं आणून घातली. तापानं फणफणली व्हती. गळ्यात काय न्हाय, अंगावर निस्तं झबलं."

"बोलत होत्या?"

"कानडी काय की बोलायची. मला कुटलं कळतंय? 'अव्वा, अव्वा' करून रडायची, पर रडताना समदीच पोरं आवंव आवंव करत्यात. एक मातुर सारकं म्हनायची. 'आई सत्ताळ, आई सत्ताळ.' झाडणारी बाई कानडी व्हती, तिला आंगणातनंच वरडून इचारलं, सत्ताळ म्हंजी काय गं? तर म्हनली, मेली. मग लिवलं, आई मेलेली हाय. पोरकी."

मांडीवरची चन्नी सुपातले खडे मोजत होती.

"आई म्हणजे काय, ते विचारलं नाही?"

"आता आई म्हंजी काय, हे कोन इचारतंय, बाई?"

"तिला शोधत कुणी आलं नाही?"

"आलं व्हतं की. दोन-तीन हप्त्यांनी. कपाळाला भस्म, लांब कोट, चांगल्या घरचा गडी. पोरी बघितल्या एक एक. नागू त्याला बघून पळतच गेली, कोटाला मिठी मारली. 'धोंडाप्पा, धोंडाप्पा' करायला लागली. मी म्हनलं, तुमीच का धोंडाप्पा? त्यो म्हनला, न्हाय बाई, माझं नाव धोंडाप्पा न्हाय. पोरगी दुसऱ्या कुनाला तरी समजतीया. बोटं सोडवून घेतली आन् गेला. माज्या डोळ्यापुढनं ती बोटं अजून जात न्हाईत."

"मग?"

"मग मी वरीसभर धोंडाप्पा हुडकत बसले. बाजारात, जत्रंत. धोंडाप्पा लई घावले. तिचा एक न्हाय."

कुंडलिकानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आमी बी इचारलं लोकास्नी. शेटजीस्नी बी इचारलं."

"शेटजी कोण?"

"आश्रमाचे कुणी दानशूर. आमच्या लग्नात येऊन कोपऱ्यात हुबं राहिले व्हते. मग दर सालच्याला संक्रांत झाली की यायचे. नाव कदी सांगितलं न्हाय. ही पोटुशी व्हती तवा तिनं लई गळ घातली. म्हनली, तुमाला म्हायती असंल तर माज्या आईचं नाव तेवढं सांगा. मग म्हनले, सुंदरा. लेक झाली तवा तेच नाव ठेवलं."

"आई आहे की गेली, ते विचारलं नाही?"

"कशाला इचारंल? गेली हे तर तिचं तिलाच ठावं व्हतं." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "औंदा आले, तवा ती न्हाय म्हनून सांगितलं. हितंच, ह्या उंबऱ्यावर बसले. भाकरीचं गाठुडं तसंच मांडीवर."

"भाकरी?"

"कडक भाकरी आन् शेंगाची चटणी आणायचे की दर साली. नागूला त्या भाकरीचं येड. आदी कडा खायची, मग मधलं. म्हनायची, शेटजी, ह्यो हात कुनाचा हाय ओ? तर ते हसायचे नुस्ते. भाकरीचं फडकं बी टाकवायची न्हाय. त्येचीच ही वाकळ शिवलीया."

त्यानं बाजेवरची वाकळ उचलून दाखवली.

हिरवट निळ्या इरकलीचा तुकडा. त्याला लागून मोरपंखी. मग जांभळा, काठाला तांबडी किनार असलेला. त्यातलं एकेक लुगडं गिरिजानं वळणीवर वाळत घातलं होतं, घडी करून फडताळात ठेवलं होतं. चन्नीनं पुढं होऊन वाकळीला गाल लावला आणि आनंदानं म्हणाली, "अव्वा, आईचं लुगडं!"

चुलीपुढची मुलगी वळली. गिरिजानं तिच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडात धरला. सुंदरम्मांचं नाक, सुंदरम्मांची हनुवटी. आणि डोळे रडून रडून कोरडे झालेले.

*

सुंदरम्मांच्या अंथरुणाशी सगळे जमले ते गिरिजानं हट्ट धरला म्हणून. मामंजी खुर्चीवर बसले. सिद्धलिंगप्पा दाराला टेकून उभा. थोरल्यांसमोर सुनेनं इतकं बोलायची त्या घरात रीत नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"अत्ती, नागक्का हरवल्या त्याआधी महिनाभर घरात कोण गेलं होतं?"

भिंतीकडून आवाज आला. "सासूबाई. संगव्वा."

"नागक्का त्यांना काय म्हणायच्या?"

"काय म्हणंल? आई."

"त्या आश्रमात 'आई सत्ताळ' म्हणत होत्या. आजी गेली म्हणून रडत होत्या. ऐकणारी बाई मराठी. तिला वाटलं, आईच गेली. तिथून नागक्का पोरक्या झाल्या. इथंवर चूक कुणाचीच नाही."

सुंदरम्मा हळूहळू या कुशीवर वळल्या.

"आश्रमात एकजण शोधायला गेले. त्यांना बघून नागक्का धावत गेल्या. बाईंनी ऐकलं, धोंडाप्पा. ते म्हणाले, माझं नाव धोंडाप्पा नाही. तेही खरंच. पण पोरीनं नाव घेतलंच नव्हतं. ती नातं हाकारत होती." गिरिजा नवऱ्याकडं वळली. "तुम्ही मामंजींना काय म्हणता?"

सिद्धलिंगप्पानं खुर्चीकडं पाहिलं.

"दोड्डप्पा."

कानडीत थोरल्या काकाला म्हणायचा शब्द.

"मामंजी, त्या दिवसांत नागक्कांचे वडील तळं आणि चौक्या धुंडाळत होते. आश्रम बघायला कोण गेलं होतं? करमाळ्याला जायची वाट कुर्डुवाडीवरून आहे. दरवर्षी बाजार एक दिवसाचा आणि तुमची फेरी दोन दिवसांची. आणि ही." तिनं पिशवीतून वाकळ काढून सुंदरम्मांच्या पायांवर पसरली. "ह्या घरातून दरसाल भाकरी बांधून गेलेली ही फडकी. तुमच्याशिवाय कुणाच्या हाती जाणार?"

सुंदरम्मांची बोटं एकेका तुकड्यावरून फिरत राहिली.

"एकच मला कळलं नव्हतं. का? मग आठवलं, तुमच्या दोन्ही लेकींची लग्नं त्याच वैशाखात एका मांडवात झाली. एवढं दुःख होऊन लग्नं मोडली नाहीत, असं घरात अजून कौतुकानं सांगतात. पोलिसानं आणली तेव्हा नागक्कांच्या गळ्यात काही नव्हतं."

"इष्टलिंग नव्हतं," मडिवाळप्पा म्हणाले. आवाज ठसठशीत राहिला नव्हता. "लिंगायताच्या गळ्यातलं लिंग गेलेलं. तिथं कुणाच्या हातचं, काय काय खाल्लेलं. अक्कलकोटचे पाहुणे असल्या बाबतीत लई कडक, सोयरीक मोडली असती. म्हटलं, मांडव उतरू दे. मग मठातल्या स्वामींना विचारून, पुन्हा लिंग बांधून आणतो. मनाशी म्हटलं."

"मग?"

"मग शिवपुत्रानं तिच्या नावानं तळ्यात दिवा सोडला. त्या दिवशी सांगितलं असतं तर त्यानं मला जितं सोडलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड झालं. मग रोजच." त्यांनी दोन्ही तळहात उघडे करून मांडीवर ठेवले. "यंदा कळलं, ती... तेव्हा ईरप्पाला म्हटलं, तिचं नाव एकदा तरी..."

"दोड्डप्पा, तुम्ही," सिद्धलिंगप्पा पुढं सरसावला. गिरिजानं त्याचा हात धरला. तिला भीती वाटत होती ती पुढच्या वाक्याची. नागक्का नाहीत, हे अत्तींना कसं सांगायचं? वाटेत गाडीत तिनं शंभरदा शब्द जुळवले होते, एकही बसला नव्हता.

"अत्ती, नागक्का..."

"माहीत आहे," सुंदरम्मा म्हणाल्या. "टोल पडला होता. मी ऐकला की."

गिरिजा बघतच राहिली. घंटा. त्या कालव्यात तीही तिथंच होती. सगळ्यांनी नाव ऐकलं, गाव ऐकलं. टोल फक्त आईनं ऐकला होता. म्हणूनच तर सूप पडलं. आणि मागाहून सगळं घर वाद घालत होतं की नागव्वा आहे की नाही, तेव्हा ही बाई भिंतीकडं तोंड करून एकटीच लेकीचं सुतक पाळत होती.

"मोठे भावजी," सुंदरम्मांनी विचारलं, "भाकरी आवडायची तिला?"

मडिवाळप्पांची मान खाली गेली. "आधी कडा खायची."

"लहानपणी तशीच खायची."

मग त्या बोलल्या. ना ओरड, ना शाप.

"ह्या घरात राहा. घर तुमचंही आहे. पण माझ्या हातची भाकरी तुम्हाला इथून पुढं नाही."

मडिवाळप्पा उठले. दाराची चौकट त्यांना एकदम सापडली नाही. सिद्धलिंगप्पानं वाट दिली, पण हात दिला नाही.

सुंदरम्मांनी वाकळ छातीशी ओढली. "गिरिजा, ती पेज आण. आणि त्या पोरीला आण."

*

कुंडलिक लेकीला घेऊन आला तेव्हा सुंदरम्मा दारात पाटावर बसल्या होत्या. अजून उभं राहायची ताकद नव्हती. शेजारी ताटात भाकरी होत्या, काळे तीळ लावून कडक भाजलेल्या. आदल्या दिवशी गिरिजाला बाजूला सारून त्यांनी स्वतः थापल्या होत्या.

सुंदरा पायरीशी थांबली. बापामागं अर्धी लपलेली. भाकरीकडं पाहिलं, मग भाकरीपलीकडच्या बाईकडं.

"नमस्कार कर," कुंडलिक पुटपुटला. "ह्या तुजी आजी."

"नमस्कार करते, आजी," ती कसंबसं म्हणाली.

चन्नीला हे मुळीच पटलं नाही. ती पुढं आली, तिनं त्या मोठ्या मुलीचं बोट धरलं आणि समजावून सांगितलं, "आजी न्हाय. हिला आई म्हनायचं. आई."

सुंदराचा चेहरा पिळवटला. श्रावणापासून तो शब्द तिच्या तोंडात नव्हता. तो म्हणायला माणूस उरलं नव्हतं.

सुंदरम्मांनी एक भाकरी उचलली, कडेचा तुकडा मोडला आणि हात पुढं धरला.

पोर एक पायरी चढली. मग दुसरी. तुकडा तोंडात घातला, चावता चावता थांबली. ओळखीचा हात जिभेला कळला असावा.

"आई," ती म्हणाली.